एक्सीलेटर डाव्या हाताला

१९ ऑगस्ट १९५६, रविवार. पांढुर्णा
मोटारसायकलच्या किकने आज पुन्हा पाय फोडला. दांडा उलटा आला अन् नडगीवर बसला. मी गाडीलाच लाथ हाणली, तर अंगठ्याचं नखही गेलं. बापू ओट्यावर बसून हसून राहिला. म्हणे, "भाऊजी, मिलिटरीची गाडी आहे ते. तिले हुकूम समजते, शिव्या नाही समजत." शांतेचा धाकटा भाऊ, सख्खा मेहुणा आहे म्हणून ऐकून घेतो, नाहीतर पाना फेकून मारला असता.
इंजिन साफ झालं. आता साइडकार. नागपूरच्या भंगारबाजारातून आणून पडली आहे. ती बसली की शांता बसेल, हंगामात संत्र्याच्या पेट्या बसतील. रामाकोना, बोरगावचे बगीचे दुपारपर्यंत पाहून होतील. बैलगाडीने दलाली करता करता कंबर मोडली.

२४ ऑगस्ट
साइडकार बसली!! तीन दांडे, सहा बोल्ट. शांता आत बसून पदर सावरून राहिली, गाडी तर जागची हललीही नव्हती. सगळी गल्ली गोळा.
बापूचं तोंड एवढंसं. "वाघाचा बैल केला तुम्ही भाऊजी." त्याला मोकळी गाडी पाहिजे. नागपूरहून आखूड नळकांडं घेऊन आला, सायलेन्सर काढून ते लावायचं म्हणे. "आवाज नदीपार सावरगावले ऐकू गेला पाहिजे." त्याचं घर सावरगावात, त्याला ऐकू गेलं म्हणजे झालं. नाही म्हटलं. गल्लीतल्या म्हशी उधळतील.
रागाने परसात गेला अन् झाडावर गोटे मारत बसला. शेंड्यावरचं संत्रं देठाला मारून पाडतो, संत्र्याला ओरखडा नाही. असा नेम सावरगावात दुसऱ्याचा नाही.

२ सप्टेंबर, रविवार
जेवलो नाही, आधी लिहितो.
रामाकोन्याहून मोटारीने आलो. अंगणात साइडकार आडवी पडलेली. तिन्ही दांडे करवतीने कापलेले. गाडी गायब. संध्याकाळी तो आवाज आला, अख्ख्या गावाने ऐकला असेल. बापू. नळकांडं लावलेलं, दिवा फुटलेला, हँडल वाकडं. पोळ्यासाठी धुवून आणलेला कोणाचा बैल बुजला म्हणे, धडकता धडकता वाचला.
जुनी चेन खुंटीला होती. मी घेतली. पाच-सहा तरी हाणल्या पाठीवर. बनियन फाटलं, रक्त आलं. लोक दारात उभे. शांता मधे पडली, एक तिच्या मनगटावर. बापूने हात नाही उचलला. उचलला असता तर बरं झालं असतं.
बरंच केलं मी. दांडे कापतो म्हणजे काय!
जाताना म्हणे, "बुधवारी नदीवर भेटू, भाऊजी." गोटमारीआधी दरवर्षी म्हणतो. दरवर्षी हसून म्हणतो.

४ सप्टेंबर, पोळा
सावरगावचे बैल आपल्या दारी पोळी खायला आले नाहीत. लग्नापासून पहिल्यांदा. शांता ताट घेऊन उभी होती, मग गल्लीतल्या बैलांना दिलं सगळं.
उद्याच्या गोटमारीसाठी जाम नदीत पळस रोवायची, झेंडा बांधायची तयारी झाली. दोन्ही काठांचे गोटे झेलत जो कुऱ्हाडीने झेंडा तोडेल, त्याचं गाव जिंकलं. शांता म्हणे, "उद्या जाऊ नका." मी म्हटलं, "पांढुर्ण्याचा आहो मी. बांगड्या भरून घरात बसू काय?" तर म्हणे, "एका हातानं त्याच्या जखमेची हळद कुटू, एका हातानं तुमच्या?"
मी जाणारच.

७ सप्टें.
डाव्या हाताने. अक्षर वाकडं. उजव्याची करंगळी अन् शेजारचं बोट गेलं. डॉक्टरने कापलं. मधलं आहे, वळत नाही.
झेंड्यापाशी पोचलो होतो. पाणी मांडीला. दोन्हीकडून गोट्यांचा मारा, बाजूच्याचं कपाळ फुटून माझ्या तोंडावर रक्त. कुऱ्हाड उचलली. एकच गोटा, थेट मुठीवर. बोटं दांड्यावर चेचली.
तो गोटा मी पाण्यातून उचलला. घरापर्यंत सोडला नाही.
चंडीमातेची राख लावली. रक्त थांबलं नाही.

९ सप्टें.
गोटमारीत कोणी मारलं ते विचारत नाहीत. नदीचा गोटा नदीचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावची फुटकी डोकी एकाच हॉटेलात चहा पितात. मीही पीत आलो.
पण मूठच कशी? डोकं नाही, खांदा नाही.
शांतेला विचारलंच. "तुझ्या भावानं मारलं ना?" ती कढी ढवळून राहिली होती. म्हणे, "चेन कोणी मारली ते मी पाह्यलं. नदीत मी नव्हती." मनगट दाखवलं. ताट फेकलं मी.
मग हातोडा घेऊन गाडीच्या टाकीवर. डाव्या हाताने नेम नाही बसत. तीन पोचे. गोटा साइडकारच्या पेटीत टाकून दिला.

२३ सप्टें., रविवार
बापू आला! घरात नाही आला, अंगणातच. पाने काढून बसला.
"निघ इथून." नाही हलला.
मी हातोडा उचलला. मान खालीच ठेवून म्हणे, "मारा. आधी एवढा नट सुटू द्या."
मारला नाही. काहून नाही मारला, कोण जाणे. पाठीवरचे वळ सदऱ्यातून दिसून राहिले होते.

७ ऑक्टो.
बापू रोज येतो. शांता चहा देते, मी आत जातो.
दांडे जोडून आणले. जुना सायलेन्सर परत लावला. अन् आज पाहिलं तर एक्सीलेटरची मूठ उजवीकडून काढून डावीकडे. क्लच उजवीकडे, लांब दांडा, तळहाताने दबेल असा.
कोणी सांगितलं होतं याला?
गोटा त्याचा नसता तर इतकं कोण करते? अन् त्याचा असता तर माझ्या अंगणात तोंड घेऊन आला असता? डोकं फुटायची वेळ आली आहे.

१४ ऑक्टो.
चालवून पाहिली. मूठ उलटी झाली आहे. पुढे फिरवली की पळते, अंगाकडे ओढली की मंदावते. घाबरून पुढे ढकलली अन् थेट कुंपणात. गाल सोलला. बापूने धावत येऊन उचललं. त्याचा हात झटकला मी. बसलो पुन्हा.

१ नोव्हेंबर, गुरुवार. सौसर
पांढुर्णा ते सौसर, एकदाही बंद नाही पडली! साइडकारमध्ये बापू. इथे चौकात एकच बोलणं, नागपूर आजपासून मुंबई राज्यात, आपण भोपाळकडे. बापू म्हणे, "म्हणजे क्लचची वायर आणाले परराज्यात जा लागते आता."
वाटेत पुलावर मनात आलं होतं, मूठ पुढे ढकलायची अन् कठड्याला त्याची बाजू घासायची. हात तयार होता. अंगाकडे ओढली.
पान्यासाठी त्याने पेटी उघडली. गोटा हातात घेतला. रक्त वाळून काळं झालेलं.
"हा काहून ठेवला, भाऊजी?"
"पुढच्या पोळ्यासाठी."
त्याने गोटा होता तसा ठेवला, झाकण लावलं.
"मग तोवर डाव्या हातानं नेम शिका. मी झेंड्यापाशीच उभा राहीन."
परतताना तोच चालवतो म्हणाला. मी नाही दिली.