अनिवासी मालकीण

मंगळवार, हिंगोली

डोकं अजून तापलेलंच हाय. दुबईत लेकीजवळ माझ्या नावावर फ्लॅट घ्यायचाय, म्हणून पैसे पाठवायला आमी दोघं बँकेत गेलो. पैसे माझे, माहेरच्या वाट्याचं शेत विकून आलेले. तरी साहेबानं फॉर्म सरकवला यांच्याकडं. मी तो ओढून घेतला, तर पुन्हा यांनाच विचारतो, "मावशी तिथं राहणार न्हाईत, मग त्यांच्या नावावर काहून घेऊन राहिले?" हे नुसते हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

फॉर्म मी घरी आणलाय. उद्या एकटीच जाऊन भरणार. तिथल्या कागदावर मी अनिवासी मालकीण होणार, असं लेक म्हणली. होऊ दे. यांच्या नावावरच्या या घरात तीस वर्षं राहते, ती नुसती निवासी.