चाळीसावा शब्द

अक्कलकुवा,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप धर्मेंद्रमामांस,
रिनाचा शि. सा. न. वि. वि.

वसतिगृहात मोबाइल जमा करून घेतात, म्हणून पत्र. इंग्रजीच्या उदेसिंग सरांनी नववीच्या धड्यांतले चाळीस शब्द दिले आहेत. अकरा मार्चला जी चाळीसच्या चाळीस अर्थासह सांगेल, तिलाच होळीची रजा. एकोणचाळीसवालीला नाही. यंदा आईने नाचाच्या रांगेत स्वतःच्या शेजारची जागा माझ्यासाठी पहिल्यांदाच धरली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे.

घरी आपली पावरी बोली, शाळेत मराठी. आता इंग्रजीचा मराठी अर्थ पाठ करायचा आणि मग त्या मराठीचा अर्थ शोधत फिरायचे. चाळीसावा शब्द होमसिक. गाइडमध्ये त्याचा अर्थ गृहविरही दिलाय. हे गृहविरही म्हणजे काय, तेवढे कळवा. यादी सोबत जोडली आहे. आईला वाचून दाखवा.

यादीखाली दबलेली आपली भाची,
रिना

धडगाव,
२० फेब्रुवारी २०२५

चि. रिनास,
अनेक आशीर्वाद.

कचेरीत बारा वर्षे टपाल सांभाळतो, पण गृहविरही हा शब्द अजून एकाही अर्जात आलेला नाही. साहेबांना विचारले, तर त्यांनी लेखी विचारणा करायला सांगितले. ती केली आहे. माझ्या निवृत्तीपूर्वी उत्तर यावे.

बाजाराच्या दिवशी तुझी आई आली होती. यादी वाचली तर म्हणाली पुन्हा वाच, आणि मग आणखी चार वेळा. लक्षात ठेवायचे ते आपल्या पाड्यात कुणी एकटे पाठ करत नाही, रांगेने गातात. लेकीवर चाळीस शब्दांचे ओझे म्हटल्यावर तुझ्या आईने, म्हणजे आमच्या रूपलीबाईने, ते बायकांत वाटून टाकले. आता एक रांग मेडो म्हणते, दुसरी हार्वेस्ट म्हणून उचलते. कौसाबाईचे दात पडल्यामुळे ऑर्फनमधून जरा वारा जातो, एवढेच. पाडा तुझ्या पुढे गेला आहे, थोडी लाज वाटू दे.

जेवत जा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

अक्कलकुवा,
१२ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल आई मला न्यायला आली होती. माझे नाचातले चांदीचे वाळे पिशवीत घालून आणले होते. व्हरांड्यात बसून ती यादी गुणगुणत होती, तेवढ्यात सर थबकले. त्यांनी तिला वर्गात उभे करून चाळीसच्या चाळीस म्हणून घेतले. अर्थ कुणी विचारले नाहीत. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, पालकांच्या सहभागाचा अहवाल वर गेला आणि आईला प्रमाणपत्र मिळाले. तिला तो माझ्या रजेचा कागद वाटला. तिने तो कपाळाला लावला.

मग माझी पाळी. एकोणचाळीस आले. चाळीसाव्याला गाइडमधला अर्थ पुरेना, सरांनी माझ्या शब्दांत सांगायला लावले. दारात आई पिशवी धरून उभी होती. तिच्याकडे बघितले आणि मी बाकावर बसून घेतले. सर म्हणाले की आईला शाळा न शिकता येते, तर मुलीला यायलाच हवे.

आई एकटीच जीपने गेली. वाळे पिशवीतच राहिले. मामा, मला फार रडू येते. तो शब्द मला शंभर वेळा लिहायचा आहे. होळीला तेवढेच काम.

आठवण ठेवा.
रिना

धडगाव,
१८ मार्च २०२५

चि. रिनास,
अनेक आशीर्वाद.

होळी पेटली. तुझी आई रांगेच्या पुढे होती. शेजारची जागा तिने कुणाला घेऊ दिली नाही. रमिलाबाई कमरेत हात घालायला आली, तर तिला हाकलून लावले. त्यामुळे रांग मधूनच तुटलेली. बायकांनी हौसेने तुझी यादी घेतली. एकोणचाळीसपर्यंत सगळे बिनचूक झाले. चाळीसाव्याला तुझ्या आईचे पाय थांबले. समोरची रांग शब्दासाठी थांबून राहिली. कौसाबाई म्हणाली की रूपली विसरली.

ती विसरली नव्हती. त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. गृहविरहीबद्दल साहेबांकडे केलेली लेखी विचारणा मी काल मागे घेतली.

रविवारी ती वाळे घेऊन तुला भेटायला येते आहे. तिचे प्रमाणपत्र या पाकिटात घातले आहे, ते सरांना परत दे. रूपलीबाईलाही एकोणचाळीसच आले, असे त्यांना सांग.

आहे तेवढा लोभ तुझाच.
मामा