आत्याचा उझबेक कापूस

अल मनखूल, दुबई
१२ मार्च १९९२

ती. सुचित्राआत्यास,
रोशनचा सा. न. वि. वि.

उझबेकिस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचं पुढे काय झालं, असं विचारलं होतंस. तू लिहितेयस त्या सोव्हिएत इतिहासाचं शेवटचं प्रकरण त्यावाचून अडलंय ना. आमच्या दुकानात समरकंदचा हमीद टीव्ही न्यायला येतो. तो तिथे पक्षाचा जिल्हा चिटणीस होता. पक्ष बुडाला का, असं मी विचारलं, तर सिनेमे पाहून शिकलेल्या हिंदीत म्हणाला की छे, नोव्हेंबरात नुसतं नाव बदललं. इमारत तीच, खुर्च्या त्याच, खुर्च्यांतली माणसंही तीच. थोडक्यात बारसं झालं, बाळ मात्र सत्तरीला टेकलेलं.

तिथल्या विक्रमी कापसावर तू सबंध प्रकरण लिहिलंयस, हेही त्याला सांगितलं. तो इतका हसला की आमचे रफिकशेठ आतून बघायला आले. म्हणाला, हबीबी, त्यातला बराचसा कापूस आम्ही ऑफिसात बसून पिकवला. वरून मागतील तेवढा आकडा भरायचा, खलास. आत्या, पुस्तक छापायला जाण्याआधी ते प्रकरण काढ. लोक तुला हसतील, आणि मला ते आवडणार नाही.

लोभ आहेच, पक्षाला न विचारता वाढवावा.

तुझा
रोशन


देवरुख
३० मार्च १९९२

चि. रोशन यास,
आशीर्वादावर विश्वास नसलेल्या आत्याचे अनेक आशीर्वाद.

टीव्ही विकणाऱ्याने टीव्ही घेणाऱ्याकडून इतिहास शिकावा, हे तुमच्या दुबईला शोभतं. दोन दिवस तुझा राग राग केला. मग जुनी मासिकं काढून आकडे पुन्हा पाहिले. ज्या वर्षी पाणी कमी, त्याच वर्षी पीक जास्त. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला शंका आली नाही, याची फार लाज वाटली.

रविवारी आमच्या पक्षाच्या शाखेची बैठक बोलावली आणि प्रकरण वगळा म्हटलं. आमचे अध्यक्ष तुकारामभाऊ म्हणाले, पुस्तक पक्ष काढतोय, आता कापूस काढला तर वर्गशत्रू हसेल. देवरुखात वर्गशत्रू म्हणजे समोरचा किराणावाला, आणि तो रद्दीखेरीज कागद हातात घेत नाही. मतदान झालं. वगळण्याच्या बाजूने माझा एकटीचा हात वर होता.

तेव्हा प्रकरण तसंच छापलं जाईल. ठराव एकमताने झाला असंच लिहायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि शाखेची चिटणीस मी. ‘एकमताने मंजूर’ हे मीच माझ्या हाताने लिहिलं. हमीदला यातलं काही सांगू नकोस. तो मला कॉम्रेड म्हणेल.

वेळेवर जेवत जा. माया आहेच.

तुझी
सुचित्राआत्या