गाडी भूमिकेच्या नावे

मी, हेमराज चिंधू कापगते, वय वर्षे एकाहत्तर, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त, राहणार रिसाली, भिलाई, जिल्हा दुर्ग, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी जागेवर आहे. तसे प्रमाणपत्र डॉ. गीतांजली देवांगन यांनी दिले असून ते सोबत जोडले आहे. डोळे मात्र जागेवर नाहीत. काचबिंदूमुळे मला समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. म्हणून अक्षर मोठे आहे आणि ओळी खाली घसरल्या आहेत. त्यावरून माझ्या मनाच्या स्थितीबद्दल कोणी शंका घेऊ नये. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी जूनमध्ये केलेला मसुदा मी रद्द करीत आहे. तो का रद्द केला, ते पुढे येईल.

वकीलसाहेब म्हणाले, हिंदीत लिहा, कचेरीत सोपे जाते. हिंदी तर्जुमा त्यांनी जोडला आहे. पण माझे वडील साकोलीकडून कारखान्याच्या बांधकामावर आले तेव्हापासून आमच्या घरात अर्ज हिंदीत आणि भांडण मराठीत होत आले आहे. या कागदात अर्जाचा भाग थोडा आहे, म्हणून मूळ प्रत मराठीत.

कलम १. रिसालीचे राहते घर माझी पत्नी सरला हिच्या नावे करीत आहे. तिच्या पश्चात ते मुलगा प्रवीण व मुलगी भूमिका यांना निम्मे निम्मे मिळावे. सरला जिवंत असेपर्यंत घर विकण्याचा विषय कोणी तिच्यासमोर काढू नये. मागच्या अंगणातला शेवगा तोडू नये. छतावर येतो म्हणून प्रवीण दर उन्हाळ्यात कुरकुरतो. फांद्या छाटाव्यात, झाड ठेवावे.

कलम २. बँकेतील व पोस्टातील ठेवींपैकी अर्ध्या सरलेच्या. उरलेल्यांत दोन्ही मुलांचा सारखा वाटा. प्रवीण रायपूरला बँकेतच आहे, त्यामुळे कागदपत्रे तोच बघेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा म्हणून मी त्यालाच नेमतो. तो सरळ मुलगा आहे. त्याच्यावर माझा एकच राग आहे, तो माझ्या गाडीला सर्वांदेखत कबाड म्हणतो.

कलम ३. माझी पान्यांची पेटी, जॅक आणि हवा मोजायचे मीटर मी मागच्याच महिन्यात माझे गॅरेजवाले मित्र नागसेन रामटेके यांना हातोहात दिले आहेत. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलसाहेबांनी सांगितले. म्हणून जिवंतपणीच दिले. त्यावर कोणी हक्क सांगू नये.

कलम ४. माझी पांढरी चारचाकी, जी मी ३१ जुलै २०१४ रोजी निवृत्त होऊन १ ऑगस्टला घरी आणली, ती मी मुलगी भूमिका हिला देत आहे. भूमिका म्हणेल, मला नको. प्रवीण म्हणेल, विकून टाका. म्हणून ती तिलाच का, हे मला येथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी दुपारी, आम्ही तिघे उतईहून परत येत होतो. भूमिकेला उतईच्या शाळेत नुकतीच नोकरी लागली होती आणि तिथे तिच्यासाठी खोली पाहून आम्ही निघालो होतो. तिच्या लायसन्सला आठ महिने झाले होते. ती चालवत होती, मी शेजारी, सरला मागे. रस्ता ओला होता. एका घराच्या मागून सायकलवर एक लहान मुलगी अचानक रस्त्यावर आली. भूमिकेने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, आडवी घसरली आणि कडेच्या झाडावर जाऊन आदळली. मुलगी बचावली. सरलेचे उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले. ते नीट जुळले नाही. त्या हाताने तिला आजही पोळी लाटता येत नाही. तेव्हापासून कणीक मी मळतो आणि ती डाव्या हाताने जमेल तसे लाटते.

दवाखान्यात सरलेचे भाऊ दौलतराव आले. कसे झाले म्हणून त्यांनी विचारले. मी म्हणालो, "पोरगी घाबरली, ब्रेक चुकीचा दाबला." भूमिका तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही. उतईची खोली घेतली नाही. आईचा हात म्हणून घरीच राहिली आणि सात वर्षे ऑटोने शाळेत गेली-आली.

आता खरे लिहितो. गाडीचे पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते. त्यांच्या खाचा संपल्या होत्या. ओल्या रस्त्यावर असा टायर पकड धरत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते. चौतीस वर्षे मी रेल मिलच्या मेंटेनन्समध्ये काढली. तपासणीचा कागद भरल्याशिवाय मी क्रेनला हात लावू देत नव्हतो, त्यावरून इंजिनियरांशी भांडलो आहे. आणि माझ्या घरच्या गाडीचे टायर मी मे महिन्यापासून पुढच्या महिन्यावर ढकलत होतो. अपघाताची गाडी नागसेनच्या गॅरेजमध्ये ओढून नेली तेव्हा त्याने टायरवर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "घरी बोलू नको." तो बोलला नाही.

दुसरे. घरात मी सांगितले की विमा कंपनीने क्लेम बुडवला. कंपनीने काही बुडवले नाही. विमा ३१ जुलैच्या मध्यरात्री संपला होता आणि मी तो भरला नव्हता. अकरा दिवस गाडी विम्याशिवाय रस्त्यावर होती. दौलतराव विम्याचे एजंट, आमच्या गाडीच्या विम्याचे काम त्यांच्याकडेच होते. प्रवीणच्या लग्नात ते व्याह्यांसमोर म्हणाले होते की भाऊजी गाडी चालवत नाहीत, नुसती पुसत बसतात. सगळे हसले. तेव्हापासून मी त्यांचा फोन घेत नव्हतो. त्या जुलैत त्यांनी आठवण द्यायला तीनदा फोन केला. मी पडद्यावर नाव पाहिले आणि वाजू दिला.

जूनच्या मसुद्यात मी हे सगळे लिहिले होते, माझ्यामागे उघडावे म्हणून. साक्षीसाठी तो नागसेनकडे नेला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला आणि सही न करता परत दिला.

"भाऊ, हे कागदात कावून लिवून राहिले? कागद तुमच्या मागं उघडंन. तिले काही इचारायचं असंन, तर ते कोनाले इचारंन?"

"मले तिच्यासमोर नाही बोलता येत, नागसेन."

"तर मग मी सही बी नाही करत. सात वर्ष गप राहिलो तुमच्यासाठी. आता मरेपर्यंत गप राहाले लावता का?"

मी तो कागद घेऊन घरी आलो आणि अजून तीन महिने घालवले. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी भूमिका व्हरांड्यात वह्या तपासत होती. मी समोर बसलो आणि सांगितले. टायरचे, विम्याचे, दवाखान्यातल्या वाक्याचे. ती सर्व ऐकेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "सात साल, बाबा," आणि वह्या उचलून आत गेली.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवायची, कप न्यायची. सरलाही फारसे बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "मले तरी सांगाचं होतं ना, हो?"

दहाव्या दिवशी मी कणीक मळत होतो तेव्हा भूमिका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"एक गोष्ट खरी सांगा. मी ब्रेक उशिरा दाबला होता का?"

"नाही."

"तुमाले कसं मालूम? तुमी तर रस्त्याकडे पाहत असान."

"मी तुह्या पायाकडं पाहत होतो. मशीनवर शिकणाऱ्या पोरांच्या हातापायाकडं पाहाची जुनी सवय आहे मले. पोरगी दिसली आन् तुहा पाय लगेच गेला. मी चालवत असतो ना, तर मले उशीर झाला असता."

ती आत आली. मग ओट्याला टेकून म्हणाली, "ती पोरगी माह्याच शाळेत आहे, बाबा. मोना नाव आहे तिचं. आता अकरावीत आहे. रोज मले गुड मॉर्निंग मॅडम म्हनते आन् मी तिच्याकडं पाहत नाही. तिले पाहिलं का मले वाटते, हिले मी मारलंच होतं."

"तू तिले वाचवलं. मारणारा मी होतो."

हे मी पिठाचे हात तसेच ठेवून म्हणालो. तिने परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि उरलेली कणीक स्वतः मळली.

म्हणून गाडी भूमिकेला. ही भरपाई नाही. सात वर्षांची भरपाई जुन्या गाडीने होत नाही, एवढे मला कळते. पण जी वस्तू मी खोटे बोलून तिच्याकडून काढून घेतली, ती खरे सांगून परत करणे माझे काम आहे.

कलम ५. गाडीबाबत भूमिकेने पुढील गोष्टी पाळाव्यात. वकीलसाहेब म्हणाले, हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणालो, बसवा.

माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्यावी. रडणे होईल तेव्हा होईल, तारखा थांबत नाहीत. विमाही त्याच मुदतीत आपल्या नावावर करावा. इतक्या वर्षांत क्लेम न घेतल्याची जी सूट माझ्या विम्यावर जमली आहे, ती वारसाला मिळते, मागून घ्यावी. २०१८ नंतर ती मी कमावली आहे.

विमा संपण्याच्या पंधरा दिवस आधी भरावा. एक दिवसही खंड पडला तर कंपनी गाडी तपासायला मागते आणि नव्वद दिवस गेले तर सूट जाते. केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याला पुरतो, घराला पुरत नाही. हप्ता कमी यावा म्हणून गाडीची किंमत कमी लिहू देऊ नये. चालवणाऱ्याच्या स्वतःच्या अपघाताचे संरक्षण आहे ना, ते कागदावर बोट ठेवून वाचावे. काही घडलेच तर गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत आणि कंपनीला त्याच दिवशी कळवावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहू नये, इंजिन जाते.

दोन्ही चाव्या जपाव्यात. गाडी चोरीला गेली तर कंपनी दोन्ही मागते. दुसरी चावी कपाटात सरलेच्या शालीखाली आहे. गियरचे कुलूप शाळेसमोर पाच मिनिटे थांबायचे असले तरी लावावे. कागदांच्या मूळ प्रती गाडीत ठेवू नयेत.

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना, सकाळी पाहावी. मे महिन्यात आपल्याकडे रस्ता तापतो, तेव्हा जास्त हवा भरू नये. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. खाच झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. त्या दिवशी बदलावा. पुढच्या महिन्यात नव्हे. अहिवाऱ्याकडे जाणे झाले तर तिथल्या चुनखडीच्या खाणींच्या धुळीने हवेचा फिल्टर लवकर भरतो, परत आल्यावर झटकून घ्यावा. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून गाडी आठवड्यात दोनदा तरी चालवावी. जुलै २०२९ मध्ये नोंदणीची पंधरा वर्षे संपतात. तेव्हा नागसेन म्हणेल तसे करावे. तो म्हणाला, विक, तर विकावी. माझी आठवण म्हणून धोक्याची गाडी कोणी सांभाळू नये.

कलम ६. दौलतरावांशी असलेले माझे भांडण मी कोणाच्याही नावे करीत नाही. मागच्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "भाऊजी, त्या वर्षी तीनदा लावला होता मी." मी म्हणालो, "माहीत आहे. माझं चुकलं." त्यावर ते म्हणाले, "मी बी लग्नात तसं बोलायला नको होतं." विम्याचे काम पुन्हा त्यांच्याकडेच द्यावे, त्यांना तारखा पाठ असतात.

कलम ७. सरले, तुझ्या मनगटाबद्दल कोणत्या कलमात काय लिहावे ते मला सुचले नाही. वकीलसाहेबांनाही सुचले नाही. मी आहे तोवर कणीक मळीन.

कलम ८. हे कलम घरून लिहून आणलेले नाही, सही करण्यापूर्वी वकीलसाहेबांच्या कचेरीत बसून लिहीत आहे. आज सकाळी आम्ही ऑटो बोलावणार होतो. भूमिका म्हणाली, थांबा. तिने खाली बसून चारही टायरच्या खाचांमध्ये बोट घालून पाहिले, आरसे आपल्या उंचीला लावले आणि गाडी सुरू केली. सरला पुढे तिच्या शेजारी बसली. मी मागे. रिसालीहून सुपेल्यापर्यंत ती चाळीसच्या वर गेली नाही. दोघी पुढे काहीतरी बोलत होत्या, मला नीट ऐकू आले नाही. एका ठिकाणी सरला हसली. अकरा वर्षांत मी या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलो नव्हतो. तिथून मला रस्ता दिसत होता आणि त्या दोघी दिसत होत्या. बाजूचे काही दिसले नाही. पाहावेही लागले नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून, पुढील दोघांच्या समक्ष सही करीत आहे आणि त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली आहे.

स्थळ: सुपेला, भिलाई
दिनांक: १८ ऑक्टोबर २०२५

(सही) हेमराज चिंधू कापगते

साक्षीदार:
१. (सही) डॉ. गीतांजली देवांगन, भिलाई
२. (सही) नागसेन रामटेके, गॅरेज मालक, रिसाली. आता सही करतो.