पंचेचाळीसच्या आत

फरीदाबाद, १० मे १९७८
आजपासून मी ओतकामाच्या कारखान्यात तापमान-निरीक्षक! भट्टीच्या शेडमध्ये तासातासाला पारा बघायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. नाशिकच्या कॉलेजात शिकलेलं अखेर कामी आलं. आधी भिंतीवरचा थर्मामीटर उतरवला. मोजायची हवा, भिंत नव्हे. भट्टीची थेट धग लागणार नाही असा टांगला. त्याआधी बर्फाच्या चुऱ्यात धरून शून्य तपासलं, उकळत्या पाण्यात शंभर. बिल्कुल चोख. घरी बायको कुमुद म्हणाली, इतकं कौतुक माझंही केलं नाहीत कधी.

१९ मे
पारा सत्तेचाळीस. युनियनचा करार असा, की पंचेचाळीस झाले की भट्टी बंद आणि माणसं बाहेर. सुपरवायझर बत्रासाहेब नुसते हसले. "चवालीस लिखो, यार." मागची तीन वर्षं पानोपान चव्वेचाळीसच आहेत. करार मोडायची ही किती सभ्य रीत! माझी नोकरी कच्ची. लिहिलं. स्वतःची लाज वाटली.

२६ मे
भट्टीवरचे हिंदुराव, फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. दुपारी चक्कर येते म्हणून बाहेर आले आणि मला पारा विचारला. एकोणपन्नास होता. मी चव्वेचाळीस सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून ते परत आत गेले, आणि तिथेच कोसळले. संध्याकाळी वारले. रात्रीच चौकशी उरकली, तीत माझं रजिस्टर दाखवलं. उष्माघात शक्यच नाही, असं ठरलं. खाली सही माझी.

२९ मे
थर्मामीटर चव्वेचाळीसवर अडकलाय. बर्फात बुडवला, चव्वेचाळीस. उकळत्या पाण्यात, चव्वेचाळीस. स्टोअरमधून नवा घेतला. तोही तसाच. बत्रासाहेब खूश आहेत.

१ जून
कुमुदला ताप. अंग तव्यासारखं. घरचा तापमापक दाखवतो ९८.४. झटकून पुन्हा लावला. ९८.४. बाजारात जाऊन नवा आणला. तोच आकडा.

२ जून
डॉक्टरांचाही ९८.४. हात लावून बघा म्हटलं. लावला. म्हणाले, उन्हाळ्यात अंग असं लागतंच, आकडा नॉर्मल आहे. इस्पितळानेही परत पाठवलं. कागदावर नाही तो ताप नाही. मी तरी वेगळं काय केलं होतं?

३ जून
ओल्या चादरी. बर्फ. बडबडते आहे. भिंतीकडे बघून म्हणते, ते फौजी गृहस्थ कधीचे उभे आहेत, बसायला सांगा ना. हिंदुरावांबद्दल मी तिला एक अक्षर बोललो नव्हतो —

४ जून
बडबड थांबली. हात गार. देवा, ताप उतरला.
कपाळ गार. पाय गार. फार गार —
पारा ९८.४.
नाकाशी बोट धरलं. काही लागत नाही. डॉक्टरांना ओढून आणलं. त्यांनी फक्त पारा वाचला. म्हणाले, झोपू द्या, सगळं ठीक आहे. आणि बॅग उचलून —
कुमुद, मी त्यांना किती सांगू, की तू —