सव्वाआठचं वाचन

सेंट ब्लेझ, केंटकी
४ ऑक्टोबर २०११

प्रिय व्हर्लिन,

तू आणि तुझी मुलगी खुशाल असाल असं धरून चालते. इंडियानापोलिसला एव्हाना थंडी पडली असेल. इथे अजून नाही. तंबाखू कोठारांत टांगून झाला आहे आणि गावभर तो वास भरला आहे, तुला आवडायचा तो. मला कधीच आवडला नाही. आम्ही बरे आहोत.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकला असशील. इतक्या वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलं नाही, आणि तू तर तेवढंही नाही. फोन केला असता, पण तुझी मुलगी म्हणते, बाबा फोनवर येत नाहीत. फोनवर न येणारा माणूस आयुष्यभर माइकसमोर बसून पोट भरत होता, हे तिला सांगितलंस का कधी?

काम आहे म्हणून लिहिते. मला सव्वाआठच्या निधनवार्ता वाचणारा माणूस हवा आहे. एका दिवसापुरता. का, ते सांगते. पण आधी इथे काय झालं ते ऐक, नाहीतर माझा राग पोटातच राहील, आणि माझ्या वयाला तो पचत नाही.

आपलं रेडिओ स्टेशन विकलं गेलं हे तुझ्या कानावर आलं असेल. फ्लोरिडातल्या एका कंपनीने घेतलं. तिच्याकडे अशी पुष्कळ स्टेशनं आहेत आणि आपलं त्यात सगळ्यात लहान, हे त्यांच्या माणसाने मला कौतुकाने सांगितलं. त्याचं नाव किप. मॅनेजर आहे. वय तिशीच्या आत, दाढी मात्र बायबलच्या जुन्या करारातली. स्वभावाने वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

या किपने जूनमध्ये सव्वाआठ बंद केलं. मी निवृत्त झाल्यावर तो चार मिनिटांचा वेळ कुणीतरी वाचून भरत होतं, वाईट का होईना. आता तेही नाही. मी तडक त्याच्या खोलीत गेले.

“मिस बर्नडीन,” तो म्हणाला, “सकाळी सकाळी लोकांना मरणाच्या बातम्या नको असतात. कंपनीने पाहणी केली आहे.”

“कुठे?”

“टॅम्पाला.”

“मग टॅम्पात नका वाचू.”

तो हसला. म्हणाला, ज्याला हवं त्याला इंटरनेटवर सगळं मिळतं. मी म्हटलं, “बाळा, या गावात ज्याला कळायला हवं तो ऐंशीच्या पुढचा असतो. त्याला स्वतःच्या फोनवरचे आकडे दिसत नाहीत.” त्याने मान डोलावली आणि मला दारापर्यंत सोडायला आला. शिष्टाचार आहे, अक्कल नाही.

मग ओडेल मॅटिंगली गेला. दर गुरुवारी पशुखाद्याच्या दुकानात मागच्या खोलीत पत्ते खेळायचा, तोच. लुइव्हिलच्या इस्पितळात सोमवारी गेला. गुरुवारी दहाला चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीची मिस्सा होती, आणि त्याच वेळी रस्त्यापलीकडे त्याचे तिघे भिडू चौघांचे पत्ते वाटून त्याच्या नावाने शिव्या घालत बसले होते. चर्चची घंटा झाली. बड म्हणाला, “कोण गेलं रे?” क्लेटस म्हणाला, “कुणी नाही. रेडिओवर काही नव्हतं.” आणि त्यांनी खेळ सुरू केला. तिघांनी. ओडेलचे पत्ते उपडे ठेवून.

हे मला बडने स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याने टोपी काढून हातात धरली होती. शवपेटी उचलायला माणसं कमी पडली. शववाहिकेच्या ड्रायव्हरला खांदा द्यावा लागला. ओडेलच्या म्हाताऱ्या बहिणीने गावासाठी सहा ताटं हॅम आणि बटाट्याचं सॅलड करून ठेवलं होतं. ते आम्ही आठ जणांनी खाल्लं. कोण किती खातंय हे ती बघत होती, आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्या रात्री मला झोप आली, कारण काय करायचं ते ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन मी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गेले, अंत्यसंस्कारवाल्या रे बॉल्ड्रिजकडून कोण कोण गेलं ते विचारून घेतलं होतं, आणि सव्वाआठ वाजता उभी राहून वाचलं. तीच पद्धत: नाव, वय, कुणाची मुलगी, कुणाचा नवरा, मिस्सा कुठे, माती कुठे. पहिल्या दिवशी ऐकायला दोन गाड्या आणि एक कुत्रा. पण तू या गावाला ओळखतोस. दुसऱ्या आठवड्यात लोक काचा खाली करून रांगेने गाड्या लावायला लागले. तिसऱ्या आठवड्यात वाहतूक सांभाळायला शेरीफने माणूस पाठवला. रेने स्टेशनवरच्या जाहिराती काढून घेतल्या. अंत्यसंस्कारवाल्याची जाहिरात गेली म्हणजे आपल्या स्टेशनचं काय उरतं? ट्रॅक्टरचे टायर.

शेवटी एका सकाळी किप तिथे आला. हातात दोन कॉफी. माझं वाचून होईपर्यंत टोपी काढून उभा राहिला, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

“आत येऊन वाचाल का, मिस बर्नडीन?”

“पगार?”

“तेवढं जमणार नाही.”

“बरं झालं. म्हणजे मला कुणी काढू शकणार नाही.”

तर गेला महिनाभर मी पुन्हा वाचते आहे. आणि आता किपला इतिहास हवा आहे. स्टेशनचा. एका पानात, चौकट करून भिंतीवर लावायला. मी लिहून दिला. रायनींच्या कुरणाच्या कडेला सिमेंटच्या विटांची एक खोली, १९५३. परवाना फक्त उजेडाचा, सूर्य मावळला की स्टेशन बंद; डिसेंबरमध्ये दारूच्या भट्टीवरून माणसं घरी पोचायची तेव्हा रेडिओत नुसती खरखर. होलिस, वय एकोणीस, झाडू मारायचा आणि दर तासाला स्टेशनचं नाव सांगायचा. शनिवारी दुपारी सिंकहोल बॉईजची मैफल, खोली इतकी लहान की बॅंजोचा दांडा दाराबाहेर. आणि स्टील गिटारवर तू, पायाखाली सोड्याची पेटी, कारण पाय पोचत नव्हते.

मी आले १९६१ ला. मी थेट कॉन्व्हेंटमधून तुमच्यात आले म्हणून तुम्ही सगळे कसे शिवी गिळून बोलायचात! सिस्टर पर्पेच्युआंनी मला बजावलं होतं, गिटार हे आळशी माणसाचं वाद्य आहे. पण उपवासकाळातही त्यांच्या खिडकीतून शनिवारचा कार्यक्रम ऐकू यायचा आणि मी विचारलं तर म्हणायच्या, आचाऱ्याचा रेडिओ आहे. तोवर मॅनेजर झालेल्या होलिसने मला कामावर घेतलं ते नावांसाठी. तुम्हा दोघांना स्पॉल्डिंग आणि सिसेल ही आडनावं एका दमात नीट म्हणता येत नव्हती. सिस्टर म्हणायच्या, माणसाचं नाव तीनदा जपून घ्यावं: बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि शेवटी. पहिल्या दोन वेळी चुकलं तर कुणीतरी दुरुस्त करतं.

किपने कागद वाचला आणि विचारलं, “हा व्हर्लिन पुढे कुठे गेला? १९८४ नंतर तो इतिहासात दिसतच नाही.”

मी म्हटलं, “इंडियानाला.”

चौकटीत त्याहून जास्त बसत नाही. पण तुला लिहायला काय हरकत आहे? होलिसने उपग्रहावरून येणारे कार्यक्रम घेतले आणि शनिवारची मैफल बंद केली. तू सगळ्यांच्या देखत म्हणालास, तू आपला आवाज विकलास. तो म्हणाला, विकला नसता तर पुढच्या महिन्यात दाराला कुलूप होतं. तुम्ही दोघंही बरोबर होतात. म्हणून तर तुटलं. एक जण चुकला असता तर पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर मिटलं असतं.

तू गेलास त्यानंतरचं तुला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगते. निधनवार्ता झाल्या की पुढचं गाणं बिनशब्दांचं असतं, हा नियम तुझ्याच वेळचा. त्यासाठी तू एका दुपारी एकट्याने वाजवून ठेवलेली ती फीत, जिला तू कधी नाव दिलं नाहीस. सगळ्यांना वाटलं होतं, आता होलिस ती फेकून देईल. त्याने ती रोज लावली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. माझं वाचन संपत आलं की आपल्या खोलीतून उठून यायचा, स्वतः बटण दाबायचा आणि न बोलता परत जायचा. फीत झिजली तेव्हा लुइव्हिलला जाऊन नवी उतरवून आणली. व्हर्लिन, या गावातला प्रत्येक मेलेला माणूस तुझ्या बोटांच्या आवाजावर गेला आहे. ओडेल आणि या जूननंतरचे सोडून. किपच्या लोकांनी जूनमध्ये कपाटं साफ केली, त्यात ती फीतही गेली. आता माझं वाचून झालं की कॉम्प्युटर त्याच्या मनाला येईल ते लावतो. परवा विधवा हेगनबाईंच्या नावामागून एक माणूस बियर आणि ट्रकबद्दल ओरडला.

आता ते लिहिते जे वर पहिल्याच ओळींत लिहायला हवं होतं. आम्ही बरे आहोत असं मी लिहिलं. मी बरी आहे.

होलिसची फुप्फुसं संपली आहेत. इस्पितळात नको म्हणाला, म्हणून पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग घातला आहे. डोकं ठिकाणावर आहे, जीभ तर विचारूच नकोस. नर्सला म्हणतो, माझी बायको रोज सकाळी जाऊन बघून येते माझं नाव आलंय का. डॉक्टर दिवसांचा आकडा सांगत नाहीत. मी विचारला नाही.

आणि नियम तुला माहीत आहे: घरच्याचं नाव घरच्याने वाचायचं नाही. कशामुळे झाला तेही तुला माहीत आहे, तू तिथे होतास. होलिस त्याच्या आईच्या नावापर्यंत आला आणि थांबला. इतका वेळ थांबला की लोकांना वाटलं स्टेशनचा मनोरा पडला, आणि शेतकरी दोर आणि पहारी घेऊन निघाले. तू त्याच्या हातातून कागद घेतलास आणि वाचलंस. त्या माउलीचं नाव तू जसं घेतलंस तसं नंतर मलाही कधी जमलं नाही, आणि हे मी सहसा कुणाला म्हणत नाही.

तेव्हा होलिसचं नाव मी वाचू शकत नाही. नियम नसता तरी वाचू शकले नसते. तू नाही आलास तर किप वाचेल. मी त्याला दातांत पेन्सिल धरून सराव करायला लावते आहे. कष्ट करतो बिचारा, पण त्याच्या तोंडी रायनी हे आडनाव एखाद्या औषधासारखं लागतं. होलिसचं नाव त्याला ओळखणाऱ्याच्या तोंडून यावं, एवढंच मला हवं आहे. आणि त्याआधी तुम्ही दोघं एका खोलीत बसावं. हे दुसरं मी काम म्हणून मागत नाही. ते तुझं तू ठरव.

होलिसला न सांगता लिहिणार होते. पण मघाशी त्याने पलंगावरून विचारलं, “कुणाला लिहितेस?”

“वीज कंपनीला.”

“इतकी पानं?”

“तक्रार मोठी आहे.”

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, “वीज कंपनीला म्हणावं, येताना स्टील गिटार घेऊन ये. आणि गाडीत मागे नुसती टाकू नकोस, थंडीने तारा उतरतात.”

मी मान वर केली नाही.

“आणि म्हणावं, मी चुकलो असं मी म्हणणार नाही.”

“त्यालाही तसंच म्हणायचं असेल,” मी म्हटलं.

“मग जमेल,” म्हणाला, आणि खरंच झोपला.

हे पत्र जास्तीचे पैसे भरून पाठवते आहे, रात्रीतून पोचेल म्हणतात. मागचं दार उघडं असतं. तुझ्या मुलीला म्हणावं, आमच्याकडे जागा आहे, तिनेही यावं. गाडी तिलाच चालवू दे.

पहाटे निघालात तर नदी ओलांडल्यावर थोड्याच वेळात आपलं स्टेशन लागायला लागेल. सव्वाआठला रेडिओ चालू ठेव. माझा आवाज ऐकू आला तर कुठे थांबू नका, सरळ या. किपचा आवाज आला, तर पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घ्या, कॉफी घ्या, आणि मग सावकाश या. मग घाई नाही.

उद्या मीच वाचणार आहे. परवाचं मला सांगता येत नाही.

बर्नडीन