दुसरं उत्तर फेकू नये

३ फेब्रुवारी, सांज
आजपासून मयूरीच्या गणिताची जिम्मेदारी माझी. नात दहावीत. शाळेच्या सराव परीक्षेत गणितात पास झाली तरच तिचा बाप, माझा सुरेंद्र, तिले आदिलाबादले पॉलिटेक्निकले धाडते. नाही तर इचोड्याच्या भाजीच्या दुकानात माझ्याशेजारी. मले अक्षर येत नाही, म्हणून हे तीच लिहून राह्यली. अभ्यास कधी करते कोणास ठाऊक.

५ फेब्रुवारी
वर्गसमीकरण म्हणून प्रकार आहे. गणित एक, उत्तरं दोन. एक ठेवतात, एक कापतात. काऊन? दुसरं म्हणजे कोसरू, वरून फुकट दिलेलं. गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून टाकलेली मूठभर मिरची आपण परत काढतो का? पोरगी हसली. मी मुद्द्याचं बोलली की हसते.

७ फेब्रुवारी, दुपार
वाफ्याचं गणित. लांबी रुंदीपेक्षा तीन मीटर जास्त, क्षेत्रफळ चाळीस, वाफा किती लांब-रुंद? रुंदीची उत्तरं आली पाच आणि मायनस आठ. मयूरी आठावर काट मारून राह्यली होती. म्हटलं थांब. आठाच्या पुढं मायनसची काडीच तर हाय. वांग्याचा देठ मोडतो तशी मोड. मोडली. रुंदी पाच, लांबी आठ. पाच आठे चाळीस. पोरगी माझ्याकडं पाहतच राह्यली.

१० फेब्रुवारी
तशीच आणखी गणितं देठ मोडून सोडवली. सगळी बरोबर. गणिताचे संतोष सर उगाच लांबण लावतात. त्यांले दुकानावर बोलवावं, शिकवीन. चहा माझ्याकडून.

१४ फेब्रुवारी
परीक्षा झाली. वाफा आलाच. लांबी रुंदीच्या दुपटीहून एक जास्त, क्षेत्रफळ पंचावन्न. पाच आणि मायनस साडेपाच. मोडला देठ. सुरेंद्रले सांगितलं, पोरीसाठी बॅग पाहून ठेव.

१९ फेब्रुवारी
नापास. थोडक्यात. वाफ्याचे मार्क गेले. पाच गुणिले साडेपाच म्हणजे पंचावन्नाचे अर्धेच होते म्हणे. अर्धं तर बरोबर आलं ना. सरांनी विचारलं, ही रीत कोणाची? पोरीनं नाव सांगितलं नाही. सोमवारी पुन्हा परीक्षा. सुरेंद्र तराजू पुसत बसला.

२६ फेब्रुवारी
आज सून रंजीता लिहून राह्यली. भाजी चुलीवर आहे, लवकर सांगा म्हणते. मयूरी पास झाली. सुरेंद्रनं पेढे आणले. पहिला पेढा गुरूचा, म्हणून मी हात पुढं केला. पोरगी तो घेऊन शेजारच्या भागाबाईकडं निघाली. इतके दिवस तिच्याच ओसरीवर अभ्यास केला म्हणे. मी म्हटलं, भागाबाईले गणितातलं काय येते?

"काहीच येत नाही, आजी," मयूरी म्हणाली. "म्हणून तर तिच्याकडं बसली."